कंदीलवाले मामा मागे राहतात

४ जानेवारी

ही वही बायकोनं दिली. निघताना पर्समधून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "तुम्हाला बोलायला माणूस लागतं. कबूल करत नाही, एवढंच. मी नसेन तेव्हा हिच्याशी बोला." म्हटलं, अगं, आठ दिवस बहिणीकडे चालली आहेस, तेवढ्यात मी काय ग्रंथ लिहिणार आहे? 

मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. ती एकटीच राहते, तेव्हा हिनं जायलाच हवं होतं. माझी काही तक्रार नाही. आठ दिवसांसाठी एवढी जड बॅग कशाला, हे मात्र मला कळलं नाही.

बस स्टँडवर सोडायला गेलो होतो. मला भरभर चालायची सवय. फलाटाशी पोचून मागे बघतो तर ही गायब! बस सुटता सुटता धापा टाकत आली. बॅगेचं चाक निखळलं म्हणे. म्हटलं, हाक मारायची ना. "मारली होती," म्हणाली, आणि बसमध्ये चढली.

घरी येऊन चहा केला. चुकून दोन कप झाला.

६ जानेवारी

ऑफिसात नवं काम आलं. नवं कसलं, जुनंच. आमची कंपनी जुने व्हिडिओ गेम पुन्हा बाजारात आणते आणि मी त्यांची डागडुजी करतो. लहानपणी टीव्हीसमोर मांडी ठोकून खेळणारी पोरं आता मोठी झाली, त्यांना तोच खेळ परत हवा असतो. तोच, पण आंघोळ घालून, भांग पाडून आणलेला.

या खेपेचा खेळ आहे 'डोंगराखालची वाट'. डोंगराच्या पोटातल्या भुयारांतून पलीकडच्या गावी जायचं. सोबत एक म्हातारा, हातात कंदील. उजेड तेवढाच. खेळात त्याला नाव नाही, पण खेळणारे सगळे त्याला कंदीलवाले मामा म्हणतात.

या मामांनी तीस वर्षं लोकांच्या नाकी नऊ आणलेत. ते आपल्या दिशेनं सरळ रेषेत चालतात. मध्ये कुंपण आलं, दगड आला, की त्याला धडका देत तिथेच राहतात. आपण पुढे. हळूहळू अंधार वाढतो, मग लक्षात येतं, अरे, मामा राहिले! की फिरा माघारी.

आमच्या प्रमुख बाई वयानं माझ्या निम्म्या असतील. मी त्यांना मनातल्या मनात हेडबाई म्हणतो. त्यांनी विचारलं, "काका, मामांचं जमेल का?" म्हटलं, जमेल म्हणजे काय, आधी तेच करतो. चूक ती चूक. तीस वर्षांची झाली म्हणून काय तिच्या पाया पडायचं?

९ जानेवारी

दिवसभर मामांच्या मागे होतो, म्हणजे पुढे होतो. पहिल्या भुयारातच तीनदा अडकले. एकदा तर साध्या बादलीला अडकले. त्या बादलीशी त्यांचं काय वैर आहे कोण जाणे.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे सातव्या भुयारातला तुटका पूल. तिथे मामा फटीतून खाली पडतात आणि मग सापडतच नाहीत. परत जा, हाका मारा, काही करा. काळोखात चाचपडायचं आणि शेवटी पहिल्यापासून सुरू करायचं. कित्येक पोरांनी तिथेच खेळ सोडून दिला होता म्हणे.

संध्याकाळी हिचा फोन आला. जेवलात का, कपडे वाळत घातले का, झालं. मग मी मामांची गोष्ट सांगितली. बादलीचं ऐकून खूप हसली. म्हणाली, "मग परत जाऊन आणायचं त्यांना."

"तीच तर चूक आहे ना! माणसानं सारखं मागे का जायचं? त्यांना नको का नीट चालता यायला?"

  मग म्हणाली, ताईला औषध द्यायचंय, ठेवते.

१५ जानेवारी

आठ दिवस होऊन गेले. मेहुणी काठी घेऊन चालायला लागली. मी म्हटलं, मग निघ आता. तर म्हणते, "तुम्ही या ना न्यायला."

आता हे काय नवीन? बस थेट जाते, थेट येते. मी येऊन काय बस ढकलणार आहे? तिला तसंच म्हणालो. हसेल असं वाटलं होतं. "बरं," म्हणाली.

हट्टीपणा आहे झालं. माहेरच्या माणसांत राहिलं की होतं असं.

आज अंडी उकडली आणि पावाबरोबर खाल्ली. कालही तेच. एकट्यासाठी काय घाट घालायचा? स्वयंपाकघरातला नळ गळतोय. ती असताना गळत नव्हता, की गळत होता आणि मला ऐकू येत नव्हता, देव जाणे.

२२ जानेवारी

जमलं! साधी युक्ती आहे. मामांनी खेळणाऱ्याच्या दिशेनं चालायचंच नाही, खेळणारा जिथे जिथे पाऊल टाकतो तिथेच पाऊल टाकत यायचं. तो कुंपणाला वळसा घालून गेला की मामाही वळसा घालून. सातव्या भुयारातला पूलसुद्धा सुखरूप पार. पहिल्यापासून शेवटपर्यंत गेलो, एकदा म्हणून मागे बघावं लागलं नाही.

हेडबाई खूश. म्हणाल्या, "काका, तोड नाही तुम्हाला." मी अगदी हवेत होतो. घरी येताना ठरवत होतो, कुठून सांगायला सुरुवात करायची, बादलीपासून की पुलापासून. कुलूप उघडून आत आलो, चप्पल काढली आणि "ऐकलंस का" असं मोठ्यानं म्हणूनही टाकलं.

फोन केला तर मेहुणीनं उचलला. ही बाहेर गेली होती. कुठे? "येईल थोड्या वेळानं," म्हणाली. मेहुणी तशी बोलकी बाई, पण आज तोंडाला कुलूप. माझा फोन आल्याचं सांगा म्हटलं. ही वाट बघत बसली असेल असं मी धरून चाललो होतो. फोन आला नाही. मग हे सगळं इथे लिहिलं.

२९ जानेवारी

डोक्याला ताप. आमच्याकडे एक चाचणीवाली आहे. तिचं काम म्हणजे खेळातल्या प्रत्येक भिंतीला खांदा घासत चालायचं, कुठे भोक राहिलंय का ते बघत. दिवसभर रिकाम्या भुयारांत एकटी भिंतीला लागून चालते, म्हणून सगळे तिला भिंतवाली म्हणतात. ती आज मीटिंगमध्ये म्हणाली, "काका, मामा दिसतच नाहीत."

"दिसत नाहीत म्हणजे? मागेच तर आहेत!"

"हो, पण कायम मागेच. पूर्ण खेळ संपला, मी त्यांचा चेहरा एकदाही बघितला नाही. मागे वळायचं कारणच पडत नाही. आणि दुसरं म्हणजे एक रेकॉर्डिंग वाजतच नाही."

मग तिनं ते वाजवून दाखवलं. जुन्या खेळात मामा बरेच मागे राहिले, आणि आपण परत त्यांच्यापाशी गेलो, की ते कंदील वर धरून म्हणायचे, "आलात? मला खात्री होती." अंतर पडून पुन्हा भेट झाली तरच ते वाजतं. माझे मामा कधी मागे राहतच नाहीत, म्हणजे भेट नाही, म्हणजे वाक्यही नाही. मी दुरुस्ती करता करता त्यांची वाचाच घालवली होती, आणि हे मला कळलंही नव्हतं. तोंडावर आपटलो.

मी तरी हार कशाला मानतोय! म्हटलं, एका वाक्यासाठी लोकांना बादलीत अडकवायचं? भिंतवाली म्हणाली, लोकांना त्या खेळातलं दुसरं काही आठवत नाही, तेवढं वाक्य आठवतं. आवाज चढले. हेडबाईंनी मधला मार्ग काढला. सेटिंगमध्ये दोन बटणं देऊ, जुने मामा आणि नवे मामा, ज्याला जे हवं ते. मला तेही पटेना. अडकणार आहे हे आधीच माहीत असताना कोण मुद्दाम अडकणारा सोबती निवडेल? आणि निवडला तर ती कसली सोबत?

शेवटी ठरलं, ज्यांनी खेळ बनवला त्यांनाच विचारू. मला पाठवणार आहेत.

३ फेब्रुवारी

खेळ बनवणाऱ्या मूळ बाईंकडे जाऊन आलो. सत्तरीच्या पुढे असतील. तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात. दारातच म्हणाल्या, "मामांबद्दल आला असाल. दुसऱ्या कशासाठी माझ्याकडे कुणी येत नाही."

मी आपली युक्ती सांगितली, पावलांवर पाऊल. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "हे मला तेव्हा सुचलं होतं हो. पण त्या यंत्राला एवढी पावलं लक्षात ठेवता येत नव्हती. म्हणून सरळ रेषा."

म्हणजे ती चूकच होती! मी मनात म्हटलं, आता बघतोच भिंतवालीकडे.

"पण मग ते वाक्य?" मी विचारलं.

"ते नंतर घातलं. आमच्याच ऑफिसातले लोक खेळून बघायचे आणि माघारी येताना मामांना शिव्या घालायचे. म्हटलं, चालणं तर सुधारता येत नाही, निदान चिडून परत आलेल्या माणसाशी कुणीतरी गोड बोलायला हवं. आमच्या हिशेबनीसांचा आवाज छान होता, त्यांना उभं केलं माइकसमोर." त्या हसल्या. "गंमत बघा, त्यानंतर शिव्या थांबल्या. लोक मुद्दाम परत जायला लागले."

"मग ठेवू का चूक?"

"ते मला नका विचारू. पण सातव्या भुयारातला पूल दुरुस्त करा. तेवढं माझ्यासाठी करा." त्यांचा आवाज बदलला. "एका पोरानं मला पत्र लिहिलं होतं. मी परत गेलो होतो, रोज जातो, पण मामा तिथे नसतात. काय उत्तर देणार? अजून मनात सलतं ते."

चहा झाला. निघताना विचारलं, एकट्याच असता का? हो म्हणाल्या. मग त्यांनीही विचारलं, "तुमच्या घरी कोण?" बायको आहे, बहिणीकडे गेली आहे, येईल आता, असं म्हणालो. "कधी?" त्यांनी सहजच विचारलं असेल. मी चपला घालायला वाकलो.

७ फेब्रुवारी

ऑफिसातून जुना खेळ घरी आणला, दुरुस्तीआधीचा. काम म्हणून नाही, नुसता खेळायला बसलो. दुसऱ्या भुयारात अंधार व्हायला लागला. चिडलो, फिरलो माघारी. बरंच लांब राहिले होते. कुंपणाला नाक लावून उभे, कंदील हातात. मी जवळ गेलो. कंदील वर केला आणि म्हणाले, "आलात? मला खात्री होती."

काय झालं कोण जाणे, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. साठीला आलेला माणूस मी, टीव्हीसमोर बसून रडतोय. त्या हिशेबनीसांनी कुणाला डोळ्यांसमोर आणून म्हटलं असेल ते?

उद्या सुट्टी आहे. जाऊन येतो. बस थेट जाते.

८ फेब्रुवारी

बसमध्ये सगळा वेळ मी तिचा चेहरा बघत होतो, म्हणजे मनात. दार उघडेल, हसेल, बॅग भरायला घेईल. जाताना ती बॅग आपण उचलायची, चाकाचं विचारायचं, असं सगळं ठरवलं होतं.

दार मेहुणीनं उघडलं. ही घरी नव्हती. कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत कामाला जाते, महिना होत आला म्हणे. तिथे गेलो. गुडघ्यावर बसून कुंड्यांत माती भरत होती, कोपरापर्यंत हात मातीचे. मला बघून उठली.

"का आलात?" म्हणाली. रागानं नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारावं तसं.

"न्यायला आलो. तूच म्हणाली होतीस ना."

"म्हणाले होते," ती म्हणाली. हात पुसायला फडकं शोधलं, सापडेना, तशीच बसली बाकावर. मीही बसलो. "त्या दिवशी स्टँडवर चाक हातात घेऊन मी उभी होते. दोनदा हाक मारली. मग म्हटलं, बघू तरी, हे न बघता कुठपर्यंत जातात. तुम्ही फलाटापर्यंत गेलात."

"मी वळलो की मागे!"

"बस लागल्यावर." ती जराशी हसली. "अहो, मी भांडत नाहीये. भांडायचं असतं तर तिथेच भांडले असते. न्यायला या म्हटल्यावर पहिला आठवडाभर वाटायचं, आज याल. दुसऱ्या आठवड्यातही वाटलं. मग इथे रोपं आली, खूप काम पडलं, आणि एक दिवस लक्षात आलं की सकाळपासून मी दाराकडे बघितलंच नाही."

 म्हटलं, आता आलो ना मी. चल.

"मी इथे अडकलेली नाहीये. तुम्हाला वाटत असेल, येऊन घेऊन गेलं की झालं. तसं नाही ते."

"मग मी काय करू?"

"घरी जा. रोज अंडी-पाव खाऊ नका. मला यावंसं वाटलं तर मी येईन."

अंड्यांचं हिला कसं कळलं, विचारायचं राहून गेलं. स्टँडपर्यंत सोडायला आली. मी तिच्या बरोबरीनं चालत होतो, अगदी पाऊल मोजून. थोडं गेल्यावर म्हणाली, "एवढं हळू चालू नका हो, बस चुकेल." त्यावर दोघंही हसलो. मग बस आली आणि मी एकटाच चढलो.

११ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही. घर फार मोठं वाटतं. फार एकटं वाटतं. तिच्या घरात घालायच्या सपाता दाराशी आहेत, त्या आत ठेवत नाही.

१७ फेब्रुवारी

हेडबाईंना सांगून टाकलं. माझी दुरुस्ती काढून टाकतो. मामा सरळ रेषेत चालणार, अडकणार, मागे राहणार. बटणं-बिटणं काही नाहीत. फक्त सातव्या भुयारातला पूल दुरुस्त करतो. फट बुजवणार नाही, पण मामा पडले तर खाली थांबतील, कंदील पेटता ठेवून, आणि उतरून जायला एक पायवाट देणार.

"काका, महिन्याभराचं काम पाण्यात!" त्या म्हणाल्या. "आणि हा काय न्याय? एक चूक ठेवायची, एक काढायची?"

म्हटलं, जिथे परत जाऊन माणूस सापडतो ती चूक राहू दे. परत जाऊनही सापडत नाही, ती काढायलाच हवी. लोकांच्या शिव्या आल्या तर माझ्या नावावर टाका. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. मी हो म्हणालो. मग नाही म्हणालो.

भिंतवालीनं दुपारी न विचारता माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला.

५ मार्च

खेळ बाजारात गेला. निम्मे लोक म्हणतात, तीस वर्षांनीही तेच अडकणं, लाज नाही वाटत? निम्मे म्हणतात, मामा आहेत तसे ठेवलेत, उपकार झाले. मूळ बाईंचा फोन आला. पुलावरून मुद्दाम पडून बघितलं म्हणाल्या. खाली उतरल्या, मामा होते. एवढंच सांगायला फोन केला होता.

मी रोज फोनपाशी बसतो असं नाही. नळ दुरुस्त केला. बटाट्याची भाजी जमते आता, थोडी करपते. संध्याकाळी जिन्यातला दिवा लावतो, तो पूर्वी तीच लावायची. कुणी वर येत असलं की पावलं ऐकतो. वरच्या मजल्यावरचे असतात.

वाट बघणाऱ्याला एवढं काम असतं हे मला माहीत नव्हतं. आणि मामांसारखी खात्री तर मला अजिबात नाही.

२३ मार्च

दुपारी बेल वाजली. मला वाटलं गॅसवाला. हात भाजीचे, तसाच गेलो.

दारात ही. बॅग हातात, उचलून आणलेली. चाक अजून तसंच तुटलेलं.

"आलीस?" मी म्हणालो. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. पण ते खोटं झालं असतं. मग खरं तेच म्हणालो, "मला वाटलं नव्हतं, येशील."

"मलाही नव्हतं वाटलं," ती म्हणाली. दाराशी तिच्या सपाता होत्या, त्या बघितल्या आणि पायात सरकवल्या.

मी बॅग घेतली. हलकी होती, जवळजवळ रिकामी. राहिलेले कपडे न्यायला आली असेल, किंवा नसेल. विचारलं नाही. म्हटलं, चाक बसवून देतो. "आधी चहा करा," म्हणाली आणि खुर्चीत बसली.

दोन कप केला. दोन्ही लागले.